वाड्यातली दासी कोण होती? ऐतिहासिक प्रेमकथा लिहिणाऱ्यांना आणि छापणाऱ्यांना खुलं पत्र

मराठी ऐतिहासिक कादंबऱ्या, मालिका आणि श्राव्य कथा लिहिणाऱ्या व छापणाऱ्या सर्वांस,

स. न. वि. वि.

पेशवाईतल्या पंगतीत तुम्ही चुकून बटाट्याची भाजी वाढलीत, तर वाचक तुम्हाला सोडत नाहीत. पगडीचा घाट चुकला, तिथी आणि वार जुळले नाहीत, भलत्याच वेळी पैठणी नेसवली, की खरमरीत पत्रं येतात, आठवडाभर तुमची सालटी निघतात. म्हणून तुम्ही जपता, जाणकारांना विचारता, प्रस्तावनेत त्यांचे आभार मानता. पण त्या पंगतीच्या भाताची साळ ज्या बाईने कांडली, ती त्या वाड्यात कुठून आली आणि तिला मनात आलं असतं तर निघून जाता आलं असतं का, हा प्रश्न विचारणारं पत्र तुमच्यापैकी कुणाला आल्याचं मी ऐकलेलं नाही. म्हणून हे लिहिते आहे.

मी मुद्रितशोधनाचं काम करते. ऐतिहासिक कादंबऱ्यांची मुद्रितं माझ्याकडे बरीच येतात आणि खरं सांगायचं तर मला ती आवडतात. चिमाजीअप्पांच्या वसईपेक्षा वाड्यातल्या एखाद्या झरोक्याआडच्या भेटीत माझा जीव जास्त रमतो. त्यामुळे हे पत्र प्रेमकथांना नाक मुरडणाऱ्या माणसाचं आहे, असं कृपा करून समजू नका.

प्रेमकथेत कुणाचं दुःख मोजायचं आणि कुणाचं सोडून द्यायचं, या वादाची सुरुवात आपल्याकडे झालेली नाही. अमेरिकेत प्रणयकादंबऱ्या लिहिणाऱ्यांची मोठी संघटना १९८० मध्ये उभी राहिली. तिच्या संस्थापकांमध्ये व्हिव्हियन स्टीफन्स ही कृष्णवर्णीय संपादिका होती. त्या संघटनेचा जुना, मानाचा पुरस्कार कृष्णवर्णीय लेखिकेला पहिल्यांदा मिळायला २०१९ उजाडलं. त्याच वर्षाच्या अखेरीस वर्णद्वेषाच्या मुद्द्यावरून संघटना उभी फुटली. पुढे नवा पुरस्कार निघाला, त्याला व्हिव्हियनबाईंचंच नाव दिलं. आणि २०२१ मध्ये, पहिल्याच वर्षी, एका गटात तो अशा कादंबरीला गेला जिचा नायक अमेरिकेतल्या वूंडेड नी इथे लाकोटा या मूलनिवासी लोकांच्या कत्तलीत सामील झालेला घोडदळाचा अधिकारी होता. १८९० च्या डिसेंबरातली ती कत्तल. मेलेल्यांत बायका होत्या, पोरं होती. नायकाला पश्चात्ताप होतो, देव त्याला क्षमा करतो आणि मग त्याला सुंदर, कर्तबगार नायिका मिळते. लाकोटांचं काम पहिल्या काही पानांत संपतं. गदारोळ झाला आणि काही दिवसांतच पुरस्कार मागे घेतला गेला. सभासद आधीपासूनच गळत होते. २०२४ मध्ये संघटनेने दिवाळखोरी जाहीर केली.

पुरस्कार परत घेणं मला फारसं पटलेलं नाही. परीक्षकांनी वाचून, संपादकाने वाचून, प्रकाशकाने छापून झाल्यावर एकट्या लेखिकेला उन्हात उभं करायचं, ही शहाणपणाची गोष्ट नव्हे. चूक होते ती आधी, हस्तलिखितावर. तिथे बसलेल्या एकानेही विचारलं नाही की या माणसाच्या उद्धारासाठी आणखी कितीजणांना मरावं लागणार आहे.

तिकडे निदान विचारायला सुरुवात तरी झाली आहे. इंग्लंडातल्या ड्यूकांच्या प्रेमकथा आपल्याकडच्या मुलीही मोबाइलवर भरपूर वाचतात. नाचाच्या बैठकी, पत्रं, बागेतल्या चोरून भेटी. आता तिथले वाचक विचारतात की या ड्यूकसाहेबांच्या महालाचे पैसे कुठल्या बेटावरच्या उसाच्या मळ्यातून आले? प्रश्न अगदी रास्त आहे. ब्रिटनने १८३३ मध्ये गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला तेव्हा दोन कोटी पौंड भरपाई दिली, आणि ती दिली मालकांना. गुलामांना छदामही नाही. मालकांची नावं, रकमा, सगळं कागदोपत्री आहे. त्यामुळे कादंबरीतल्या ड्यूकचं उत्पन्न ‘वडिलोपार्जित’ म्हणून सोडून देणं आता अवघड झालं आहे.

आणि आपले सरदार, आपले पेशवे, आपले जहागीरदार?

‘आपल्याकडे गुलाम नव्हतेच’ हे वाक्य मी लेखकांच्या तोंडून अनेकदा ऐकलं आहे. मग कुणबिणी, म्हणजे विकत घेतलेल्या दासी, कोण होत्या? बटकी कोण होत्या? पेशवे दफ्तरातून गणेश चिमणाजी वाडांनी निवडून काढलेल्या रोजनिशा गेल्या शतकाच्या आरंभीच छापून झाल्या आहेत. मोडी येत नाही ही सबब तिथे चालत नाही, सगळं बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत आहे. त्यात कुणबिणींची खरेदी आहे, त्या कुणाला तरी बक्षीस म्हणून दिल्याच्या नोंदी आहेत, पळून गेलेल्यांचा तपास आहे, म्हातारपणी सोडून दिल्याचे हुकूम आहेत. सुटका हवी तर बदली दुसरी कुणबीण आणून द्या, नाहीतर पैसे भरा, असाही प्रकार आहे. लमाण तांड्यांबरोबर विकायला पोरी आणत. दुष्काळात आईबाप लेकरं विकत. विकत घेताना जात विचारून घेत, कारण घरात कोणाच्या हातचं पाणी चालणार हे त्यावर ठरायचं. कुणबिणी कोठीत दळण-कांडण करत, पागेत वैरण-शेण काढत, बांधकामावर राबत. त्यांच्या पोटी जन्मलेली मुलंही मालकाचीच. हिरोशी फुकाझावा नावाच्या जपानी अभ्यासकाने अठराव्या शतकातल्या दख्खनच्या गुलामगिरीवर निबंध लिहिला त्यालाही आता कित्येक वर्षं झाली. तोक्योचा माणूस आपल्या रोजनिशा वाचून कुणबिणींचा माग काढतो आणि सदाशिव पेठेत बसून पेशवाईवर कादंबरी लिहिणाऱ्याला त्या दिसत नाहीत, याला काय म्हणावं?

आता मी स्वतः पाहिलेली एक गोष्ट. एका जाडजूड कादंबरीची मुद्रितं तपासत होते. नायिका एका सरदाराची धाकटी बायको. तिची एक दासी आहे, लहानपणापासून सोबत आलेली. ती समईची वात सारते, निरोप पोहोचवते, पडद्याआड उभी राहून गालातल्या गालात हसते, बाईसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं की हिच्याही येतं. पहिल्या भागात तिचं नाव मंजुळा. दुसऱ्या भागात ती सुंदरा झाली. मी समासात खूण करून लेखकाला फोन केला. ते म्हणाले, “अहो, कुठलंही एक ठेवा. काय फरक पडतो?” नायिकेच्या नथीत मोती किती, हे त्याच गृहस्थांनी जुनी चित्रं पाहून ठरवलेलं होतं. मी मंजुळा ठेवलं. संपादकांच्या हातूनही ते पान गेलं होतं, हे सांगायला हवं.

ही दासी आपल्या प्रेमकथांत सगळीकडे आहे. तिला भूक लागत नाही, ताप येत नाही, माहेर नाही. बाईसाहेबांच्या लग्नात ती आंदण म्हणून सासरी आली, हे आपण एका ओळीत सांगून मोकळे होतो, आणि तेही कौतुकाने, जणू भांडीकुंडी आणि शालूंच्या यादीतलं एक नाव. पंधरा वर्षांची मुलगी आईपासून तोडून दुसऱ्या गावी पाठवली गेली, ही गोष्ट नायिकेच्या बाबतीत घडली की आपण तिच्या पाठवणीवर प्रकरणं लिहितो. मंजुळाही त्याच दिवशी, त्याच मेण्यामागून चालत गेली होती ना? मेण्यामागून चालत, हे लक्षात घ्या.

याहून गंभीर मामला आहे तो मालक आणि दासी यांच्या ‘प्रेमा’चा. हा प्रकार सध्या श्राव्य कथांमध्ये आणि मोबाइलवरच्या धारावाहिकांत जोरात आहे. रांगडा सरदार, नजर खाली झुकवलेली दासी, पावसाळी रात्र. तो तिचा हात धरतो, ती थरथरते, आणि लेखक आपल्याला सांगतो की तीही मनातून त्याचीच होती. मनातून कुणाचीही असो. ती नाही म्हणाली असती तर काय झालं असतं, हे लिहायचं धाडस करा. जिला विकता येतं, कुणाला बक्षीस देता येतं, ती पळाली तर शोधून आणता येतं, तिच्या होकाराचं वजन किती? प्रेमकथा हा प्रकारच मुळी होकारावर उभा आहे. दोघांपैकी कुणीही उठून जाऊ शकतं आणि तरी जात नाही, यातच सगळी गंमत असते. दार बाहेरून बंद असेल तर ती वेगळी कथा झाली. ती जरूर लिहा, पण तिच्या मुखपृष्ठावर चंद्र काढू नका.

कुणी म्हणेल, मग अशा नात्यात कधी माया नव्हतीच का? असेलही. विरूबाईची हकिकत तुम्हाला ठाऊक असेल. शाहू महाराज औरंगजेबाच्या कैदेत होते तेव्हा त्यांच्या लग्नानंतर बादशहाने नव्या सुनेला पाहायची इच्छा केली. येसूबाईंनी सुनेऐवजी तिच्यासोबत आलेल्या दासीला, विरूबाईला, पुढे केलं. बादशहासमोर बायको म्हणून गेलेली, म्हणून पुढे दुसरीकडे तिचं लग्न होणं शक्यच राहिलं नाही. ती शाहूंजवळच राहिली. साताऱ्यात राजवाड्याचा कारभार तिच्या हातात होता, सरदार तिला मान देत, ती १७४० मध्ये गेली तेव्हा अकलकोटच्या फत्तेसिंह भोसल्यांनी मुलाच्या नात्याने तिचं क्रियाकर्म केलं.

या हकिकतीत काय नाही? कैदखाना आहे, वेषांतर आहे, निष्ठा आहे, सत्ता आहे, पदर पसरायला लावील असं प्रेमही असू शकेल. पण जरा त्या एका क्षणापाशी थांबा. तंबूत बायका जमल्या आहेत, बादशहाचं बोलावणं आलं आहे, खऱ्या सुनेची अब्रू वाचवायची आहे. कुणाला पाठवायचं हे ठरायला फार वेळ लागला नसेल. विरूबाईला विचारलं का? तिच्या अंगावर दागिने चढवताना तिच्याशी कुणी काय बोललं? उद्या मला कोण करून घेईल, हे तिला त्या क्षणी कळलं होतं का? पुढे मिळालेला सगळा मान त्या न विचारण्यावर उभा आहे. चांगल्या लेखकाला यात आयुष्यभराचं काम आहे. आपण मात्र तिला ‘एकनिष्ठ दासी’ म्हणून दोन परिच्छेदांत गुंडाळतो आणि राण्यांकडे वळतो.

आणखी एक. निषिद्ध प्रेम हा तुमचा लाडका विषय. जातीबाहेरचं, लग्नाबाहेरचं. नायिका समाजाचे टोमणे सोसते, विहिरीपाशी रडते, शेवटी विष घेते किंवा तीर्थयात्रेला जाते. पेशवाईत शिंदळकीचा, म्हणजे व्यभिचाराचा, आळ शाबीत झालेल्या बाईला सरकारजमा करून कुणबीण बनवलं जाई. हे खासकरून ब्राह्मणेतर बायकांच्या वाट्याला येई; ब्राह्मण बाईला वेगळी शिक्षा असे. म्हणजे एखादी बाई आवडत्या माणसाकडे एक रात्र गेली, तर दुसऱ्या महिन्यात ती सरकारी कोठीत जात्यावर बसलेली असू शकत होती, बाकीचं आयुष्य. टोमण्यांपेक्षा हे फार भयानक आहे, आणि कादंबरीकाराच्या दृष्टीने बघाल तर फार मोठं नाट्यही आहे. एवढा खरा धोका दफ्तरात तयार असताना तुम्ही विहिरीवरच्या कुजबुजीवर का भागवता, हे मला खरोखर कळत नाही.

आता रंगाबद्दल. आपल्याकडच्या गुलामगिरीत जात जास्त होती, वर्ण कमी, हे मान्य. पण हबशी, म्हणजे आफ्रिकेतून आलेले लोक, होते. इथिओपियात जन्मलेला, लहानपणी विकला गेलेला, हात बदलत बगदादमार्गे दख्खनला पोहोचलेला मलिक अंबर हा आपल्याच मातीतला माणूस म्हणायचा. खडकी म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर त्याने वसवलं, १६२६ मध्ये तो गेला, खुलताबादला त्याची कबर आहे. त्याला विकत घेणारा चंगीझखान हाही निजामशाहीचा पेशवा आणि हबशीच. अंबराने आपली मुलगी मुर्तझा निजामशहाला दिली. पीटर व्हान डेन ब्रोके हा डच व्यापारी १६१७ मध्ये अंबराच्या छावणीत जाऊन आला. त्याने लिहून ठेवलेली हकिकत अशी, की शहाच्या गोऱ्या इराणी राणीने अंबराच्या मुलीला सगळ्यांसमोर हिणवलं, तू तर नुसती गुलाम, शहाची रखेल. मुलीने बापाला कळवलं. पुढे शहा आणि ती राणी दोघांनाही विषप्रयोग झाला. राजकारणाची कारणं वेगळी असतीलच. पण महाराष्ट्राच्या भूमीवर, एका जनान्यात, कातडीच्या रंगावरून आणि बापाच्या गुलामीवरून झालेलं हे भांडण आहे. या मुलीवर मराठीत प्रेमकथा आल्याचं माझ्या तरी हाताखालून गेलेलं नाही.

त्याऐवजी माझ्या हाताखालून जातो तो ‘काळाकभिन्न, जाड ओठांचा, लालबुंद डोळ्यांचा सिद्दी’. ही विशेषणं मी इतक्या मुद्रितांत वाचली आहेत की ऱ्हस्वदीर्घ डोळे मिटून तपासू शकते. जंजिऱ्याचे सिद्दी, म्हणजे हबशीच, मराठ्यांचे कट्टर शत्रू होते, त्यांनी कोकणच्या गावांवर धाडी घातल्या, माणसं धरून नेली, हे सगळं लिहाच. क्रौर्य लिहा. पण क्रौर्य ओठांच्या जाडीत नसतं. औरंगजेबाबद्दल लिहिताना त्याच्या नाकाच्या आकारावर तुम्ही त्याचा स्वभाव बेतत नाही. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ-यल्लापूर भागात आजही सिद्दी राहतात, त्यांच्यातले कितीतरी गोव्यातून पळालेल्या गुलामांचे वंशज आहेत, त्यांची बोली कोकणीच आहे. तुमची मालिका त्यांच्या घरातही लागते.

गोव्याचं नाव निघालंच आहे म्हणून. लिन्सखोटेन नावाचा डच माणूस १५८३ ते १५८८ गोव्यात होता. शहराच्या मुख्य रस्त्यावर माणसांचा लिलाव कसा चाले, हे त्याने लिहिलं आहे. तरी पोर्तुगीज काळातल्या गोव्यावरच्या आपल्या प्रेमकथांत चर्चची घंटा, फादो हे पोर्तुगीज गाणं आणि पोर्तुगीज अधिकाऱ्याची हळवी मुलगी एवढंच असतं. पालखी वाहणारे कोण, हे विचारायचं नाही.

तुमच्या बाजूने काय बोललं जाईल याची मला कल्पना आहे. त्या काळाकडे त्या काळाच्या नजरेने पाहा, असं म्हणाल. ठीक, पाहू. पण त्या काळाची नजर म्हणजे फक्त मालकाचीच का? पळून गेलेल्या कुणबिणीची नजरही त्याच काळातली आहे. ती पळाली, यावरूनच तिचं मत कळतं. आणि शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये कर्नाटकच्या स्वारीत डचांना दिलेला कौल, म्हणजे लेखी हमी, वाचा. पूर्वीच्या राजवटीत तुम्ही बायापुरुष विकत घेऊन नेत होतात, माझ्या राज्यात ते चालणार नाही, असा त्याचा आशय आहे. म्हणजे माणूस विकणं वाईट आहे हे सतराव्या शतकात ठाऊक होतं. ते आपण आज मागे नेऊन चिकटवत नाही. अस्मितेच्या भीतीने हा विषय टाळणाऱ्यांनी तर हा कौल उशाशी ठेवावा. पुढे शतकभराने पुण्यात काय चाललं होतं ते लिहिलं तर महाराजांचा अवमान होत नाही.

आपल्याकडच्या दासी घरच्यासारख्या होत्या, हाही एक मुद्दा असतो. अमेरिकेतल्या कापसाच्या मळ्याशी वाड्याची तुलना मीही करणार नाही. काही दासींना मान होता, काही सुटल्या, काहींना इनामही मिळालं असेल. पण पानिपतानंतर आपल्या बायकापोरांना अफगाणांनी धरून नेलं, विकलं, त्यावर तुम्ही काळीज पिळवटणारी प्रकरणं लिहिली आहेत. मी ती तपासताना रडले आहे. त्या बायकांपैकी एखादी काबूलच्या एखाद्या घरात ‘घरच्यासारखी’ राहिली असेल, असं तुम्ही लिहाल का?

माझं मागणं फार नाही. कादंबरीला इशाऱ्याच्या पट्ट्या लावा, जुनी पुस्तकं मागे घ्या, असलं काही मी म्हणत नाही. लेखकांनी दासीला एक नाव द्यावं आणि ते शेवटपर्यंत तेच राहावं. ती कुठून आली हे स्वतःला तरी ठाऊक असावं, पानावर आलं नाही तरी चालेल. मालकाने दासीचा हात धरला तर त्या प्रसंगाला प्रेम म्हणण्याआधी दोनदा विचार करावा. प्रकाशकांनी पगडी तपासायला जाणकार नेमतात तसा कोठीकडची बाजू ठाऊक असलेला एखादा वाचकही नेमावा, आणि त्याला मानधन द्यावं. मालिकावाल्यांनी सिद्दी रंगवायला नटाच्या तोंडाला काळं फासणं आजपासून बंद करावं, त्यासाठी कुठल्याही अभ्यासाची गरज नाही.

रोजनिशांचे खंड पुण्यात जुन्या ग्रंथालयांत मिळतात. भारत इतिहास संशोधक मंडळात जाऊन बसलात तर दुपारच्या शांततेत दोन-चार नोंदी सहज हाती लागतील. आणि तुमच्यापैकी कुणी विरूबाईवर किंवा अंबराच्या मुलीवर लिहायला घेतलं तर मला कळवा. मुद्रितं मी फुकट तपासून देईन. मात्र समासात प्रश्न बरेच येतील.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक मुद्रितशोधक, पुणे